धुराची खतावणी

कॉर्नेल विद्यापीठाने आपल्या परिसरातील हरितगृह वायूंचे देणे कसे मोजले आणि ते फेडण्याचे नियोजन कसे केले, याचा मागोवा

जे देणे वहीत चढवलेले नसते ते सहसा फिटत नाही, हे पेढीवर लहानाचे मोठे झालेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. उधारीचा माल आला, नोंद राहून गेली, आणि दोन वर्षांनी तगादेदार दारात उभा राहिला, की त्या रकमेपेक्षा न लिहिल्याची चूकच अधिक महाग पडते. कोळसा, डिझेल आणि नैसर्गिक वायू जाळून हवेत सोडलेला धूर हे अशाच प्रकारचे देणे आहे. इंधनाचे पैसे चुकते होतात, त्याची पावती मिळते. परंतु धुराचे बिल कोणी पाठवत नाही. कारखाना असो, बाजारपेठ असो वा विद्यामंदिर असो, ही बाकी वर्षानुवर्षे साचत जाते आणि ती पुढच्या पिढीच्या नावे पडते.

गेल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी ही न लिहिलेली बाकी लिहून काढण्यास आरंभ केला. या कामासाठी विद्यापीठ ही जागा विशेष सोयीची ठरली. मोठे विद्यापीठ म्हणजे एक छोटे नगरच असते. त्याची स्वतःची वसतिगृहे, भोजनगृहे, प्रयोगशाळा, रस्ते, वाहने, आणि पुष्कळदा स्वतःचे वीज व वाफेचे केंद्रही असते. या सर्वांचा मालक एकच. शिवाय ही संस्था दहा वर्षांत दुकान आवरून जाणार नाही. शंभर वर्षांनीही ती तेथेच असेल, असे धरून तिला चालावे लागते. म्हणून तिचे नियोजन म्हणजे मोठ्या शहरांसाठी आणि उद्योगांसाठी एक प्रकारची रंगीत तालीमच ठरते.

या तालमीतील सर्वांत शिकवणारा प्रयोग न्यूयॉर्क राज्यातील इथाका या गावी चालू आहे. कायुगा नावाच्या लांबट, खोल तलावाच्या दक्षिण टोकाशी, टेकडीवर कॉर्नेल विद्यापीठ वसले आहे. त्याची स्थापना १८६५ साली झाली. येथील हिवाळा लांब आणि कडक. पारा कित्येक दिवस गोठणबिंदूच्या खाली राहतो. त्यामुळे इमारती उबदार ठेवणे हा येथे चैनीचा नव्हे, जगण्याचा प्रश्न आहे. आणि धुराचा मोठा वाटा त्या उबेतूनच येतो.

आरंभीची बाकी

कोणत्याही नियोजनाची पहिली पायरी म्हणजे मोजदाद. हरितगृह वायूंची नोंद ठेवण्याची पद्धत आता जगभर रूढ झाली आहे. तिच्यात तीन खाती असतात. पहिल्या खात्यात संस्थेने आपल्या आवारात स्वतः जाळलेले इंधन येते : बॉयलरमधील वायू, जनरेटरमधील डिझेल, संस्थेच्या वाहनांतील पेट्रोल. शीतयंत्रांतून गळणारे वायूही याच खात्यात पडतात. दुसऱ्या खात्यात बाहेरून विकत घेतलेली वीज येते. ती वापरली येथे, पण तिचा धूर दूरच्या वीजकेंद्रात निघालेला असतो. तिसरे खाते सर्वांत पसरट : कर्मचाऱ्यांची ये-जा, प्राध्यापकांचे विमानप्रवास, विकत घेतलेले अन्न, सिमेंट, कागद आणि शेवटी निघणारा कचरा.

या सर्व वायूंचे बळ सारखे नसते. म्हणून जसे निरनिराळ्या चलनांचे रुपयांत रूपांतर करावे, तसे सर्व वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणले जातात. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक टन मिथेन सुमारे २८ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. वीसच वर्षांचा हिशेब धरला तर हाच भाव ८० पटींच्या वर जातो. शीतयंत्रांत पुष्कळ काळ वापरले गेलेले काही वायू तर १,३०० ते १,५०० पट बळाचे असतात. कोणता कालावधी धरायचा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो; परंतु पुढे कॉर्नेलच्या सगळ्या नियोजनाला त्यानेच कलाटणी दिली.

कॉर्नेलने २००८ हे आधारवर्ष धरले. त्या वर्षाची एकूण बाकी निघाली सुमारे ३ लाख १९ हजार टन. तिच्यात सर्वांत मोठा भाग होता तो परिसर उबदार ठेवण्यासाठी जाळलेल्या कोळशाचा व वायूचा, आणि विजेचा. आकडा समोर आला तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. दिवे मालवण्याच्या पाट्या लावून आणि झाडे लावून एवढे देणे फिटणारे नव्हते. मुळावर, म्हणजे उष्णतेच्या स्रोतावरच, हात घालणे भाग होते.

तलावाने दिलेला थंडावा

वस्तुतः मूळ बदलण्याचा एक धडा कॉर्नेलने त्याआधीच घेतला होता. ओझोन थराला अपाय करणारे शीतवायू मॉन्ट्रियल कराराप्रमाणे बंद होणार होते, त्यामुळे विद्यापीठाला आपली मोठमोठी शीतयंत्रे बदलावीच लागणार होती. तेव्हा अभियंत्यांनी नवी यंत्रे मागवण्याऐवजी खाली तलावाकडे पाहिले.

पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्यामुळे खोल तलावाच्या तळाशी भर उन्हाळ्यातही चार-पाच अंशांचे पाणी स्थिर असते. कायुगा तलावात सुमारे ७५ मीटर खोलीवरून हे पाणी नळाने काठावरील केंद्रात आणले जाते. तेथे धातूच्या पातळ पत्र्यांच्या एका बाजूने तलावाचे पाणी वाहते आणि दुसऱ्या बाजूने विद्यापीठाच्या इमारतींतून फिरून आलेले कोमट पाणी. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. केवळ उष्णतेची देवघेव होते. थंड झालेले पाणी पुन्हा टेकडीवर जाते आणि तलावाचे पाणी थोडे कोमट होऊन तलावात परतते. २००० साली हे केंद्र सुरू झाले. परिसर थंड ठेवण्यास लागणारी वीज सुमारे ८५ टक्क्यांनी घटली.

हे सर्व निर्विघ्न झाले असे मात्र नाही. तळाच्या पाण्यात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असते. ते उथळ भागात सोडल्यास शेवाळ माजेल, अशी तलावाकाठच्या रहिवाशांची तक्रार होती. वाद दीर्घकाळ चालला आणि पुढे राज्य शासनाच्या परवान्याच्या अटींप्रमाणे विद्यापीठाला तलावाचा सविस्तर अभ्यास करावा लागला. धुराचे देणे फेडताना ते पाण्याच्या खात्यावर तर चढत नाही ना, हे पाहण्याची सवय येथून लागली. एका वहीतील बाकी दुसऱ्या वहीत ढकलली म्हणजे ती फिटली असे होत नाही.

विद्यार्थ्यांचा तगादा

नियोजनाची दुसरी प्रेरणा खालून आली. १९९७च्या क्योटो करारात अमेरिकेने १९९०च्या पातळीपेक्षा ७ टक्के कपात करावी, असे ठरले होते. २००१च्या मार्च महिन्यात अमेरिकी सरकारने त्या करारातून अंग काढून घेतले. त्याच वसंतात कॉर्नेलच्या विद्यार्थ्यांनी एक सरळ मागणी पुढे केली : देशाने शब्द पाळला नाही तरी आपल्या विद्यापीठाने तो पाळावा. प्रशासनाच्या इमारतीपुढे निदर्शने झाली आणि विद्यापीठाने ते उद्दिष्ट स्वीकारले.

२००७ साली तत्कालीन अध्यक्ष डेव्हिड स्कॉर्टन यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन अध्यक्षांच्या हवामानविषयक प्रतिज्ञापत्रावर स्वाक्षरी केली. या प्रतिज्ञापत्रात तीन अटी होत्या : दर वर्षी हिशेब काढणे, तो प्रसिद्ध करणे, आणि निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याची तारीख ठरवणे. २००९ साली कॉर्नेलची पहिली कृतियोजना तयार झाली. तिच्यात शून्याची तारीख २०५० होती. काही वर्षांतच विद्यापीठाने ती मुदत पंधरा वर्षांनी अलीकडे ओढून २०३५ केली. मुदतीची हुंडी स्वतःहून लवकर सकारण्याचा हा प्रकार होता. टाळ्या मिळाल्या, पण निधीची तजवीज व्हायचीच होती.

कोळसा गेला, वायू आला

दरम्यान विद्यापीठाने एक मोठे पाऊल टाकले होते. २००९च्या अखेरीस सुमारे ३० मेगावॉट क्षमतेचे नवे केंद्र सुरू झाले. त्यात नैसर्गिक वायूवर चालणारी दोन झोतयंत्रे वीज तयार करतात आणि त्यांच्या तप्त धुरावर पाण्याची वाफ करून ती इमारतींना पुरवली जाते. साध्या वीजकेंद्रात वाया जाणारी उष्णता येथे कामी येते. एकाच इंधनातून दोन लाभ मिळतात. या केंद्रामुळे २०११ साली कॉर्नेलच्या आवारात कोळसा जाळणे कायमचे थांबले. जोडीला जुन्या इमारतींच्या भिंती-खिडक्यांतून निसटणारी ऊब अडवली गेली, प्रयोगशाळांतील हवा खेचणारे पंखे गरजेपुरतेच चालतील अशी व्यवस्था झाली. काही वर्षांत बाकी सुमारे एक तृतीयांशाने उतरली. वहीतील आकडे समाधानकारक दिसू लागले.

याच सुमारास आक्षेप आला, आणि तो बाहेरून नव्हे तर विद्यापीठाच्याच प्राध्यापकांकडून. २०११ साली रॉबर्ट हॉवर्थ, अँथनी इंग्राफिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. शेल खडक फोडून काढलेल्या वायूच्या विहिरींतून व नळांतून पुष्कळ मिथेन जळण्याआधीच हवेत निसटतो. तो मोजला, तर विशेषतः वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कोळशाहून सौम्य राहत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते सर्वांना मान्य झाले नाही. कॉर्नेलमधीलच भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक लॉरेन्स कॅथल्स यांनी गळतीचे अंदाज अवास्तव असल्याचे सांगून त्याला जाहीर उत्तर दिले. एकाच परिसरात दोन विद्वान समोरासमोर उभे होते, आणि वादाचा विषय होता त्याच परिसराचे तापवणकेंद्र.

प्रश्न हिशेबाचा होता, पण त्यात प्रामाणिकपणाची कसोटी होती. विद्यापीठाच्या आवारात मिथेन निसटत नव्हता. तो दूरच्या विहिरींवर निसटत होता. रूढ नियमांप्रमाणे तो पहिल्या खात्यात लिहिणे बंधनकारक नव्हते. लिहिला नाही तर बाकी कमी दिसणार. लिहिला तर नुकतेच बांधलेले, मोठे भांडवल घातलेले केंद्र स्वतःच्याच वहीत दोषी ठरणार. नव्या यंत्राचा घसारा अजून सुरूही झालेला नसताना ते चुकीच्या दिशेने गेले असावे, अशी शंका कोणत्याही मालकाला सुखाची नसते.

चौपदरी ताळेबंद

२०१६ साली कॉर्नेलच्या वरिष्ठ प्रशासकांच्या आणि प्राध्यापकांच्या गटाने २०३५पर्यंत शून्यावर येण्याच्या पर्यायांचा अहवाल तयार केला. त्यात दूरच्या विहिरींवरील मिथेनगळतीचाही हिशेब मांडण्यात आला. बाकी अर्थातच फुगली. परंतु ती फुगलेली बाकीच पुढच्या निर्णयांचा आधार बनली.

अहवालाने पर्याय तोलण्यासाठी चार पारडी ठेवली : संस्थेचा मूळ उद्देश, माणसे, आर्थिक सुस्थिती आणि पृथ्वी. केवळ स्वस्त पडते म्हणून निवडायचे नाही, आणि केवळ निर्मळ दिसते म्हणूनही नाही. जो पर्याय विद्यार्थ्यांना शिकवील, गावाला उपयोगी पडेल, संस्थेची तिजोरी रिकामी करणार नाही आणि हवेतील बाकीही उतरवील, तो पुढे न्यायचा. पवन, जल व सौर वीज, जमिनीच्या उथळ थरांतील उष्णता, लाकूड व शेतातील काडीकचरा, इतकेच काय पण अणुशक्तीही या तराजूवर ठेवून पाहिली गेली.

या तोलामोलातून एक अडचण पुनःपुन्हा वर आली. वीज निर्मळ करणे तुलनेने सोपे होते. कॉर्नेलजवळ जुने जलविद्युत केंद्र होतेच. सौर पट्ट्यांची शेतेही उभी राहत होती. परंतु जानेवारीतील कडाक्याच्या आठवड्यात हजारो खोल्यांना लागणारी ऊब केवळ विजेवर भागवायची, तर त्या थोड्या दिवसांसाठी अवाढव्य क्षमता उभारावी लागणार. वर्षातून दोन आठवडे चालणाऱ्या गर्दीसाठी बारा महिने दुसरे दुकान भाड्याने ठेवण्यासारखे ते झाले असते.

तीन किलोमीटर खाली

म्हणून पुढचा विचार जमिनीखाली गेला. पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. सर्वसाधारण प्रदेशात दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. इथाका परिसरात ज्वालामुखी नाहीत, उष्ण झरे नाहीत. तरी तीन किलोमीटर खोलीवरील खडक इमारती तापवण्याजोगा गरम असावा, असा भूगर्भशास्त्रज्ञांचा अंदाज होता. एका विहिरीतून पाणी खाली सोडायचे, ते तप्त खडकांतून वाहू द्यायचे, दुसऱ्या विहिरीतून वर घ्यायचे, त्यातील उष्णता काढून घेऊन पुन्हा खाली सोडायचे, अशी ही कल्पना.

येथे विद्यापीठाने घाई केली नाही. एकदम दोन विहिरी खोदून सर्व भांडवल जमिनीत घालण्याऐवजी आधी एक निरीक्षणविहीर खोदायची, असे ठरले. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने त्यासाठी २०२० साली ७२ लाख डॉलरचे अनुदान दिले. २०२२च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांहून थोड्या अधिक काळात ही विहीर ९,७९० फूट, म्हणजे जवळजवळ तीन किलोमीटर, खोल गेली. तळाशी सुमारे ८० अंश तापमान आढळले. उष्णता आहे, हे सिद्ध झाले. ती वर आणण्यासाठी त्या खोलीवरील खडकांच्या भेगांतून पाणी पुरेसे वाहील का, आणि पाणी सोडल्याने जमिनीत सूक्ष्म हादरे बसतील का, हे प्रश्न वेगळे. त्यासाठी कंपमापक यंत्रे बसवून नोंदी घेतल्या गेल्या.

मालाचा नमुना तपासल्याशिवाय पूर्ण गाडी उतरवून न घेण्याचा हा व्यवहार आहे. संशोधनसंस्थेला तो आणखी एका अंगाने लाभदायक आहे. विहीर अपेक्षेप्रमाणे उपयोगी पडली नाही, तरी तिच्यातून मिळालेले ज्ञान ईशान्य अमेरिकेतील इतर थंड गावांच्या कामी येईल. तथापि २०३५ ही तारीख थांबून राहत नाही. वायूकेंद्राचे आयुष्य शिल्लक आहे, हिवाळा दर वर्षी येतो, आणि ऊब एक रात्रही बंद ठेवता येत नाही. जुने यंत्र चालू ठेवून नवे उभारायचे, आणि योग्य क्षणी जुन्याचा मोह सोडायचा, ही या नियोजनाची खरी कठीण वेळ आहे.

इतर पेढ्यांचे धडे

कॉर्नेल एकटे नाही. निरनिराळ्या विद्यापीठांनी या प्रश्नाची निरनिराळी अंगे सोडवली, आणि त्यांतील काही युक्त्या व्यापारी कुटुंबांना ओळखीच्या वाटतील.

हार्वर्ड विद्यापीठाने या शतकाच्या आरंभी ऊर्जाबचतीसाठी फिरता कर्जनिधी उभा केला. पुढे तो १ कोटी २० लाख डॉलरपर्यंत वाढला. एखाद्या विभागाला जुने दिवे वा बॉयलर बदलायचे असतील तर निधीतून उचल मिळते. वीजबिलात जी बचत होते तिच्यातूनच ठरलेल्या वर्षांत ती उचल परत करायची. परत आलेली रक्कम पुढच्या विभागाला दिली जाते. मुद्दल जागेवर राहते आणि काम पुढे सरकत जाते. यामुळे दर सुधारणेसाठी देणगीदारापुढे हात पसरावा लागत नाही, आणि खर्च करणाऱ्याला बचतीचा हिशेब दाखवावाच लागतो.

येल विद्यापीठाने धुराला भावच लावला. अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २०१५ साली वीस इमारतींवर प्रयोग झाला. नॉर्डहाउस यांना पुढे २०१८ साली हवामानबदलाच्या अर्थशास्त्रासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगात दर टनाला ४० डॉलर आकार ठरवला गेला. पुढे ही पद्धत परिसरभर लागू झाली तेव्हा तिचे स्वरूप असे राहिले : सर्व विभागांची सरासरी कपात काढायची, ज्यांनी सरासरीहून अधिक कपात केली त्यांना पैसे परत मिळणार, जे मागे राहिले त्यांना भरावे लागणार. विद्यापीठाच्या तिजोरीत एक पैही येत नाही वा तिच्यातून जात नाही. केवळ आजवर अदृश्य असलेला खर्च विभागप्रमुखाच्या टेबलावर येऊन बसतो. पहिल्या प्रयोगातच असे दिसले, की ज्या इमारतींना आकार लावला गेला त्यांनी इतरांच्या मानाने कमी ऊर्जा वापरली.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाने वाया जाणारी उष्णता पकडली. तेथील वायूवर चालणारे वीज-वाफ केंद्र परिसराच्या सुमारे ९० टक्के उत्सर्जनास कारण होते. अभियंत्यांनी वर्षभराच्या नोंदी तपासल्या तेव्हा असे आढळले, की ज्या वेळी काही इमारती थंड केल्या जातात त्याच वेळी इतर इमारती तापवल्याही जातात. एकीकडे उष्णता बाहेर फेकायची आणि दुसरीकडे ती विकत घ्यायची, असा दुहेरी तोटा चालू होता. २०१५ साली सुरू झालेल्या नव्या केंद्रात थंड करताना काढलेली उष्णता साठवून तीच गरम पाण्यासाठी वापरली जाते. त्यासाठी २२ मैल नळ नव्याने टाकावे लागले आणि वाफेऐवजी गरम पाण्याची व्यवस्था करावी लागली. खर्च आला सुमारे ४८ कोटी ५० लाख डॉलर. आकडा मोठा खरा. परंतु निर्णय घेताना केवळ उभारणीचा खर्च न पाहता २०५०पर्यंतचे इंधन, पाणी व दुरुस्ती धरून सर्व पर्यायांची तुलना केली गेली, तेव्हा हाच पर्याय जुन्या पद्धतीपेक्षा किफायतशीर ठरला. खरेदीची किंमत आणि बाळगण्याची किंमत यांतला फरक येथे स्पष्ट होतो.

दुसऱ्याच्या वहीतील जमा

शून्यावर येण्याची एक सोपी वाटही आहे : आपला धूर तसाच चालू ठेवायचा आणि दूरवर कोणी लावलेल्या वनाची वा केलेल्या बचतीची प्रमाणपत्रे विकत घ्यायची. अनेक विद्यापीठांनी शेवटचा भाग अशा प्रमाणपत्रांनी भरून काढण्याचे ठरवले होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. दहा परिसर असलेल्या या संस्थेच्या अध्यक्ष जॅनेट नेपोलिटानो यांनी २०१३ साली इमारती व वाहनांचे निव्वळ उत्सर्जन २०२५पर्यंत शून्यावर आणण्याची घोषणा केली. मुदत जवळ येत गेली तसे दिसू लागले, की आवारातील वायूकेंद्रे तशीच चालू असून शून्य केवळ विकतच्या प्रमाणपत्रांनीच गाठता येईल. प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी त्यास विरोध केला. २०२३ साली विद्यापीठाने आपले धोरण बदलले : २०१९च्या तुलनेत २०४५पर्यंत किमान ९० टक्के प्रत्यक्ष कपात. तारीख वीस वर्षे पुढे गेली, यात नामुष्की होती. परंतु खोट्या जमेवर खाते बंद करण्यापेक्षा खरी बाकी मान्य करून मुदत वाढवून घेणे अधिक सचोटीचे, असा निवाडा त्यांनी केला. आधीची घोषणा उतावीळ होती की नवी मुदत ढिली आहे, यावर मतभेद राहतील. मात्र एवढे निश्चित, की आकड्यांचा शून्य आणि हवेतील शून्य हे दोन वेगळे असू शकतात.

विश्वस्तांच्या टेबलावर

या सर्व खटाटोपाचा इकडील वाचकांशी काय संबंध, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. व्यापारी कुटुंबे दुकाने व गोदामे चालवतात. त्यांच्यातील अनेकजण शाळा, वसतिगृहे, धर्मशाळा, रुग्णालये यांचे विश्वस्तही असतात. या संस्थांनाही एक मालक, एक आवार आणि दीर्घ आयुष्य असते. इथाकासारखी थंडी येथे नाही. येथील प्रश्न उकाड्याचा, स्वयंपाकघराचा आणि विजेचा आहे. परंतु खाते मांडण्याची रीत तीच राहते.

पहिली खतावणी एका संध्याकाळी होऊ शकते. भारतात सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून येते. त्यामुळे विजेच्या प्रत्येक युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो. स्वयंपाकाच्या १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो. वर्षभराची वीजबिले, डिझेलच्या पावत्या आणि सिलिंडरची संख्या यांना या भावांनी गुणले, की संस्थेची आरंभीची बाकी समोर येते. उदाहरणार्थ, महिन्याला ५,००० युनिट वीज वापरणाऱ्या वसतिगृहाच्या नावे केवळ विजेपोटी वर्षाला सुमारे ४२ टन पडतात. महिन्याला २० सिलिंडर लागत असतील तर त्यांचे वर्षाचे १० टन आणखी.

एकदा बाकी लिहिली, की कॉर्नेलच्या अनुभवातून निघणारे तीन प्रश्न विश्वस्तांनी स्वतःला विचारावेत. सर्वांत मोठी रक्कम कोणत्या खात्यात आहे, आणि आपण नेमके तिलाच हात घालत आहोत का? आज घेतलेले यंत्र पंधरा-वीस वर्षे चालणार. त्याच्या किमतीत तेवढ्या वर्षांचे इंधन धरले आहे का? आणि आपल्या आवारात न दिसणारा, पण आपल्यासाठीच दुसरीकडे निघणारा धूर आपण वहीत चढवला आहे का? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. त्याचे उत्तर टाळले तर ताळेबंद सुंदर दिसतो. पण कॉर्नेलने ते टाळले नाही, म्हणूनच आज तेथे नव्या वायूकेंद्राऐवजी तीन किलोमीटर खोल विहिरीची चर्चा होते.

बचतीतून फिरता निधीही लहान प्रमाणावर उभा राहू शकतो. एका इमारतीचे जुने पंखे बदलून कमी विजेचे पंखे बसवले आणि बिलात उतरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली, तर तिच्यातूनच पुढच्या इमारतीचे काम होते. छपरावरील सौर पट्ट्यांची, पाणी तापवण्याच्या सौरबंबाची किंवा अन्नकचऱ्यापासून वायू करणाऱ्या टाकीची खरेदीही याच नियमाने करता येते. येथे अट एकच आहे : बचतीची रक्कम दुसऱ्या खर्चात विरघळू द्यायची नाही.

कॉर्नेलच्या टेकडीवरील काम अजून पुरे झालेले नाही. वायूची झोतयंत्रे चालू आहेत, तलावाचे पाणी टेकडीवर थंडावा पोहोचवीत आहे, आणि खोल विहिरीतील नोंदींवर पुढचा मोठा खर्च करायचा की नाही हे ठरायचे आहे. त्या खर्चाचा निर्णय आजचे विश्वस्त घेतील. त्याची ऊब किंवा त्याचे कर्ज मात्र ज्यांनी अद्याप प्रवेशअर्जही भरलेला नाही अशा विद्यार्थ्यांच्या वाट्याला येईल. वडिलोपार्जित पेढी सांभाळणाऱ्यांना हे नाते नवे नाही. वही पुढच्या हाती देताना तिच्यातील शिल्लक किती आहे हे महत्त्वाचे असतेच; पण तिच्यातील प्रत्येक देणे लिहिलेले आहे, हा विश्वास त्याहून मोठा वारसा असतो.